गोवा पाहिला म्हणजे काय पाहिले?

महाविद्यालयाच्या सहलीहून परतलो तेव्हा सायखेड्याच्या चौकात शेजारच्या काकांनी विचारले, "काय रे, गोवा पाहिला का?" मी मोठ्या दिमाखात "हो" म्हणालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र त्या 'हो'ची लाज वाटू लागली. चार दिवसांत आम्ही काय पाहिले? कळंगुटचा किनारा, आग्वादचा किल्ला, जुन्या गोव्यातील भव्य चर्च; आणि या सर्वांपेक्षा अधिक वेळ मोबाइलमध्ये आमचेच चेहरे!

गोवा लहान आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर. आपल्या एका नाशिक जिल्ह्यात असे चार गोवे मावतील. १९ डिसेंबर १९६१ रोजी तो पोर्तुगीजांच्या तावडीतून मुक्त झाला आणि ३० मे १९८७ रोजी घटक राज्य बनला. एवढ्याशा भूमीत सह्याद्रीच्या रांगा आहेत, दूधसागरासारखा धबधबा आहे, मांडवी-जुवारीच्या खाड्या आहेत आणि शंभर किलोमीटरांहून लांब सागरकिनारा आहे. निसर्गाने येथे मुक्तहस्ते दान दिले, असे आपण निबंधात लिहितो. मीही लिहिले असते. पण दोन ठिकाणी माझे डोळे उघडले.

पहिले ठिकाण आमच्या योजनेत नव्हतेच. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे दर्शन घेऊन परतताना खाडीकाठी बसचे चाक पंक्चर झाले. मुले कंटाळली. मी बांधावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याशी बोलू लागलो. समोर खाडीचे खारे पाणी आणि बांधाच्या अलीकडे, पाण्याच्या पातळीहूनही खाली, भाताचे शेत! मी चकित झालो. त्यांनी कोंकणी-मराठीच्या मिश्रणात समजावले, "बाबा, ही खाजन जमीन." बांधात एक लाकडी दार होते. त्याला 'मानस' म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्याने ते आपोआप मिटते, ओहोटी लागली की शेतातले पाणी बाहेर सोडते. शेकडो वर्षांपासून गावकरी एकत्र येऊन हे बांध राखत आले. एक बांध फुटला की सगळ्यांचे शेत खारे होते. आता बांध राखायला माणसे मिळत नाहीत, असेही ते म्हणाले. फोटोत जो हिरवागार गोवा आपण पाहतो, त्याच्यामागे इतके हात आहेत!

दुसरे ठिकाण तांबडी सुर्ला. तेथे जाण्याचा आग्रह आमच्या इतिहासाच्या सरांचा. मुले कुरकुरली, कारण त्यात समुद्राचा एक दिवस गेला. घाटाच्या पायथ्याशी, दाट रानात, ओढ्याच्या काठी कदंबकालीन महादेवाचे मंदिर उभे आहे. आजूबाजूला सगळा तांबडा जांभा, मंदिर मात्र काळ्या पाषाणाचे. हा दगड घाटावरून आणला असावा असे मानतात. आडरानात असल्यामुळेच ते पाडापाडीतून वाचले. सप्तकोटेश्वर इतका सुदैवी नव्हता. दिवाडी बेटावरील त्याचे मूळ देऊळ पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झाले. भक्तांनी देव नदीपार नेला आणि १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी नार्व्याचे मंदिर नव्याने बांधविले. २०२३ मध्ये त्याचा पुन्हा जीर्णोद्धार झाला.

यावरून माझे मत असे झाले आहे की, देखणेपण आपोआप टिकत नाही. ते राखावे लागते आणि त्यासाठी भांडावेही लागते. जमिनीचा वापर बदलू पाहणारा 'प्रादेशिक आराखडा २०११' गोव्याच्या नागरिकांनी विरोध केला म्हणूनच २००७ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला. लोहखनिजाच्या खाणींनी डोंगर पोखरले. शेवटी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खाणकाम थांबवावे लागले. गोव्यातही सारे आलबेल नाही. पण तेथील माणूस आपल्या भूमीसाठी जागा आहे.

आणि आपण? येथे मला माझाच अपराध कबूल करावा लागतो. आपल्या सायखेड्याच्या पलीकडे चांदोरी. तेथे गोदावरीच्या पात्रात जुनी दगडी मंदिरे आहेत. ज्या वर्षी पाणी पुरते ओसरते, त्या वर्षी ती उघडी पडतात. पुलावरून मी शेकडो वेळा गेलो, पण एकदाही उतरून पाहिले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराने सायखेडा आणि चांदोरी दोन्ही गावे वेढली, तेव्हा त्या मंदिरांवरून किती पाणी गेले असेल, हा विचारही मनाला शिवला नाही. थोडे पुढे नांदूरमध्यमेश्वर. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जगाने त्याची दखल घेतली. दूरदूरचे पक्षी तेथे येतात. आपण मात्र सहाशे किलोमीटर दूर जाऊन सौंदर्य शोधतो!

काही मित्र म्हणतील, "सहलीला मौज करायची की अभ्यास?" मौज अवश्य करावी. समुद्रात मीही मनसोक्त डुंबलो. पण चार दिवसांतला एक दिवस त्या भूमीला समजून घेण्यासाठी द्यायला काय हरकत आहे? आणि किनाऱ्यावर आपल्यातल्याच काहींनी टाकलेल्या बाटल्या तरी उचलून आणायला नकोत का?

प्राध्यापकवर्गाला माझी एक नम्र सूचना आहे. इतिहास व भूगोल विभागांनी मिळून एक विद्यार्थी-गट करावा. चांदोरीची मंदिरे उघडी पडतील तेव्हा त्यांची मापे, रेखाटने आणि छायाचित्रे घ्यावीत, गावातल्या वृद्धांच्या आठवणी लिहून काढाव्यात आणि हे सर्व दरवर्षी याच अंकात छापावे. खर्च फारसा नाही. चप्पल काढून चिखलात उतरण्याची तयारी तेवढी हवी.

गोव्याने मला समुद्र दाखवला, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पण त्याहून मोठे ऋण त्या बांधावरच्या शेतकऱ्याचे. येत्या उन्हाळ्यात गोदावरीचे पाणी ओसरले की मी पुलावरून खाली उतरणार आहे. बरोबर कोण येते?