खुडूक कोंबडी म्हणजे घरचे बेणे



लागण, खोडवा, ठिबक, साखर उतारा यांवर जाणकार मंडळी लिहीतच असतात. मी आज कोंबडीवर लिहिणार आहे. हसू नका. ज्या घरातून कारखान्याला ऊस जातो, त्याच घराच्या मागच्या दारी ही कोंबडी आहे, आणि तिच्या बाबतीत आपण पुरुष मंडळी फार चुकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी माझीच चूक सांगतो. मागे एका गाळप हंगामात, डिसेंबरात, आमचा ऊस तोडीला आला. टोळीच्या मुकादमाला जेवण घालावे म्हणजे फड लवकर मोकळा होईल, असा मी हिशेब केला. घरात धरण्यासारखी एकच कोंबडी होती, आणि ती सोळा दिवसांपासून अंड्यांवर खुडूक बसलेली. मी म्हणालो, "अंडी तर देईना गेली, कशाला पोसायची?" कारभारीण म्हणाली, "आवो, पाचच दिस राह्यलेत. बसू द्या की तिला." मी ऐकले नाही. कोंबडी गेली, बारा अंडी थंड पडली. दुसऱ्या दिवशी तिने ती उकिरड्यात पुरली. एक फुटले, त्यात पिसे आलेले पिल्लू होते. ती मला एक शब्द बोलली नाही. पण जूनमध्ये नातीची शाळा उघडली, तेव्हा वह्या-दप्तराचे पैसे तिने पहिल्यांदाच माझ्याकडे मागितले. दरसाल ती हा खर्च कोंबड्यांतून भागवीत असे, हे मला तेव्हा कळले.

बंधूंनो, आपला सुरूचा ऊस वर्षाने जातो, आडसालीला दीड वर्ष लागते. बिल येते त्यातून आधी सोसायटीची कपात होते. कोंबडीचे पिल्लू मात्र पाच-सहा महिन्यांत बाजारात उभे राहते, आणि त्या पैशावर कोणाची कपात नाही. हा घरातल्या बाईच्या हातचा पैसा आहे. दवाखाना, एस.टी.चे भाडे, लेकीची पाठवणी, या वेळी तोच कामाला येतो. बाजारात गावरान कोंबड्याला ब्रॉयलरपेक्षा भाव चांगला, हेही आपण जाणतोच.

आता काहीजण म्हणतील, खुडूक बसली की कोंबडी अंडी बंद करते, मग तोटाच नाही का? म्हणून तिला पाण्यात बुडवतात, नाकात पीस खुपसतात, पाय बांधून ठेवतात. अंड्यांचा धंदा ज्याला करायचा, त्याचे हे म्हणणे बरोबर आहे. पोल्ट्रीतल्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीतून खुडूक बसण्याची सवय निवड करूनच घालवली गेली, आणि तिची पिल्ले यंत्र उबवते. आपली गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५०-६० अंडीच देते. अंड्यांच्या मोजणीत ती हरणारच. तिची खरी किंमत बसण्यात आहे. वीज नाही, यंत्र नाही, २१ दिवस ती अंगाची ऊब देते, अंडी स्वतः फिरवते, पुढे पिल्लांना दाणा टिपायला आणि घार आली की पंखाखाली यायला शिकवते. आपण बेणे मळा राखतो तो कशासाठी? पुढच्या लागणीसाठी. बेणे गाळपाला घालणारा शेतकरी आपण शहाणा म्हणत नाही. खुडूक कोंबडी हे घरचे बेणेच आहे.

वनराजा, गिरिराजा या सुधारित जाती चांगल्या आहेत. वनराजा हैदराबादला, गिरिराजा बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झाली. अंडी जास्त, वजन जास्त. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. घरातल्या सगळ्या गावरान कोंबड्या विकून याच जाती भरल्या, तर दर वेळी पिल्ले विकत आणावी लागतील. माझे म्हणणे असे की, हव्या तर त्यांची फळलेली अंडी आणा, पण बसवा ती आपल्या गावरान कोंबडीखाली. आपल्या जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला आहे, तेथे चौकशी करता येईल.

कोंबडी बसवताना थोडी काळजी घेतली तर निम्मे नुकसान टळते. अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न तडकलेली घ्यावीत, धुऊ नयेत. एका कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. टोपलीत कोरडे पाचट घालावे. ओल्याला बुरशी येते. दाणा-पाणी जवळ ठेवावे, दिवसातून एकदा ती उठते तेव्हा राखेत-मातीत लोळू द्यावे, म्हणजे उवा कमी होतात. आठव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडापुढे अंडे धरावे. लाल शिरा दिसल्या तर पिल्लू धरले. निर्मळ दिसले तर काढून टाकावे. एप्रिल-मेच्या उन्हात ठेवलेली अंडी लवकर बिघडतात. पाऊस उघडल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला, म्हणजे आपला गाळप हंगामच. पिल्ले निघाल्यावर पहिल्या दिवशी दाण्याची घाई करू नये, अंड्यातल्या बलकाचा अंश त्यांच्या पोटात असतो. पुढे ज्वारीची किंवा तांदळाची कणी द्यावी, पाणी उथळ ताटलीत द्यावे. पहिला महिना रात्री आईसकट डालग्याखाली झाकावे.

घारी-मुंगसापेक्षा मोठा शत्रू मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर.टू.बी. लस, एवढे केले तरी पुष्कळ वाचते. अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून अधिक पिल्लांची असते आणि कालवल्यावर थोड्या वेळातच वापरावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण आणणार? याला उत्तर सहकारच. एका गल्लीतल्या बायांनी कोंबड्या एकाच आठवड्यात बसवाव्यात, म्हणजे पिल्ले बरोबर निघतील, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून एकच बाटली आणता येईल. ज्या गावांनी एकजुटीने कारखाना उभा केला, त्यांना हे जड नाही.

आणखी एक. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंब्यात बर्ड फ्लूने शेकडो कोंबड्या मेल्या. तेव्हा अचानक मर लागली तर मेलेली कोंबडी खाऊ नये, विकू नये, कॅनॉलात टाकू नये. लगेच दवाखान्याला कळवावे.

आमच्या घरी आता एक नियम आहे. कोंबडीचा कारभार कारभारणीचा. पाहुणा येवो की मुकादम, खुडूक कोंबडीला हात लावायचा नाही. डाळ-भाकरीनेही माणूस तृप्त होतो. आपणही आपल्या घरी हा नियम करावा, एवढीच विनंती.

– एक ऊस उत्पादक सभासद