वाई फक्त वाटेत लागत नाही!

वीकएण्ड आला की निम्म्या ऑफिसची गाडी पाचगणी-महाबळेश्वरकडे सुटते. वाटेत वाई लागतं. पंधरा मिनिटांचा हॉल्ट, ढोल्या गणपतीला नमस्कार, घाटाच्या पायऱ्यांवर चार फोटो आणि चला पसरणीचा घाट चढायला! फार तर ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतं, ‘अरे, ‘स्वदेस’चं शूटिंग इथलंच ना?’ झालं, वाई संपली.

मंडळी, यावेळी जरा उलटं करून बघा. मुक्काम वाईत टाका.

ढोल्या गणपतीचं देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. दर्शन झालं की देवळाच्या मागे जा. तिथली भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. कॉम्प्युटरशिवाय केलेलं डिझाइन, बरं का!

मग मेणवली. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे देखणा घाट आणि घाटावर टांगलेली भलीमोठी घंटा. ही घंटा मूळची पोर्तुगीजांच्या चर्चमधली. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. ‘स्वदेस’ (२००४) मधला घाट तो हाच.

आणि हो, मराठी विश्वकोशाचं घरही वाईच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी इथे बसून ते अवाढव्य काम उभं केलं. पहिला खंड १९७६ साली आला.

पण खरी वाई दिसते ती सकाळी, टूरिस्ट गाड्या यायच्या आधी. कुणी आंघोळीला आलेलं, कुणी धुणं घेऊन, कुणी नुसतंच पायरीवर बसलेलं. थंडी सरत आली की कृष्णाबाईचा उत्सव येतो. एकेका घाटाची पाळी लागते आणि नदीचं कौतुक घरच्या लेकीसारखं होतं.

आपण मात्र ‘काय लोकेशन आहे!’ म्हणतो, वेफर्सचं रिकामं पाकीट पायरीवर ठेवतो आणि निघतो. वाऱ्याने ते जातं थेट कृष्णेत. ते उचलायला युनिटचा स्पॉटबॉय नसतो, गावातलंच कुणीतरी वाकतं.

तेव्हा सॅकमध्ये एक रिकामी पिशवी टाका. आपला कचरा आपल्यासोबत परत. कॅमेरा थोडा उशिरा काढा, आधी पाण्यात पाय सोडून बसा.

पाचगणी काय, दुपारीही गाठता येते!