लांडगा आला, पण किती आले?

आपल्या भाषेने लांडग्याला कधी बरे म्हटले नाही. दहा जणांनी एका वस्तूवर तुटून पडावे, त्याला आपण ‘लांडगेतोड’ म्हणतो. खोटी हाकाटी करणाराला ‘लांडगा आला रे आला’ म्हणून चिडवतो. त्या गोष्टीत पोर खोटे बोलते आणि प्राण जातो तो मेंढरांचा! लांडग्याचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

अलीकडे पुणे, सोलापूर, अहिल्यानगरकडच्या माळांवरून हीच आरोळी ऐकू येते, की लांडगे फार वाढले. आमच्या खारबावच्या खाडीकाठी रात्री ओरडला तर कोल्हा ओरडेल; लांडगा हा माळाचा धनी. पण दिवाळी सरून भात कापले गेले, की पारनेरकडचे धनगर घाट उतरून भिवंडीच्या बाजूला येतात आणि शेतकरी खतासाठी त्यांची मेंढरे रानात बसवून घेतात. या मंडळींचा लांडग्याशी पिढीजात व्यवहार. एखादे कोकरू गेले, तर तो त्याचा वाटा, असे मानणारे धनगर आजही आहेत.

लांडग्यांची मोजदाद या देशात प्रथम झाली ती मुडद्यांची. इंग्रज सरकार मारलेल्या लांडग्यामागे बक्षीस देई. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत अशा बक्षिसांपायी सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. माग काढणारा शिकारी हाच तेव्हाचा खानेसुमारी कारकून! १९७२ च्या कायद्याने लांडग्याला अभय मिळाले. २०२२ साली प्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञांचा अंदाज सांगतो, की साऱ्या भारतात लांडगे उरले आहेत ते सुमारे ३,१००. म्हणजे वाघांपेक्षा कमी.

मग ‘वाढले’ असे का वाटते? एक टोळी शेकडो चौरस किलोमीटर हिंडते. सोमवारी एका गावात दिसलेले पाच लांडगे गुरुवारी तिसऱ्या गावात दिसले, की हिशेबात दहा होतात. हिवाळ्यात पिले होतात. ती आईमागे फिरू लागली, की टोळी फुगलेली दिसते, पण त्यांतली सगळी जगत नाहीत. शिवाय माळ नांगरले गेले, कारखाने आणि बंगले उठले. लपायला जागा नाही, म्हणून लांडगा डोळ्यांवर येतो. दर्शन वाढले म्हणजे संख्या वाढली, असे नव्हे.

मोजायला नजर लागते. कुत्र्याचे पाऊल वाट सोडून भरकटते. लांडगा सरळ रेषेत जातो आणि पुढच्या पावलाच्या ठशावरच बहुधा मागचे पाऊल ठेवतो. पुण्याजवळच्या माळावर काही लांडग्यांचा रंग वेगळाच आहे, हे तिथे नित्य हिंडणाऱ्यांच्या ध्यानात आले. पुढे २०२३ साली जनुकांच्या तपासणीने सिद्ध झाले, की तो लांडगा आणि कुत्रा यांचा संकर आहे. बंदुकीने होत नाही तो नाश असा मुकाट्याने होतो.

ही नजर सर्वांत तयार कोणाची? पारध्याची. पण ज्या जमातीवर १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि तो कायदा १९५२ साली जाऊनही लोकांच्या मनातून पुसला नाही, तिच्यातला माणूस ‘लांडगा पाहिला’ म्हणून सांगायला कचेरीत जाईल कसा? ‘तू तिथे काय करीत होतास?’ हाच पहिला प्रश्न! वाशीम-अकोल्याकडे मात्र फासेपारध्यांनीच दुर्मीळ तणमोराची खबर द्यायला आणि त्याचे गवताळ रान राखायला सुरुवात केली. विश्वास टाकला, तर फास लावणारा हात राखण करू लागतो, एवढे त्यावरून समजावे.

लांडग्याच्या बाबतीतही हाच मार्ग आहे. धनगराला मेलेल्या मेंढराची भरपाई वेळेवर मिळावी, पारध्याला माग काढण्याची रीतसर मजुरी मिळावी. मग आरोळी खरी की खोटी, हे ठरवायला वर्षानुवर्षे थांबावे लागणार नाही. आणि वाचकहो, भाऊबीज आटोपल्यावर तुमच्या शिवारात मेंढरांचा वाडा उतरला, तर ‘यंदा किती मेंढरे?’ एवढेच विचारू नका. ‘यंदा लांडगा कुठे दिसला?’ हेही विचारा. उत्तर देणारा माणूस तुमच्या-माझ्यापेक्षा जाणता आहे.