चिपी की मोपा? प्रश्न अंतराचा नाही, भरवशाचा

कुडाळ : नकाशावर सरळ रेष मारली तर चिपी आणि मोपा या दोन विमानतळांमध्ये साधारण ४५ किलोमीटर अंतर भरतं. विमानाला हे दहा-पंधरा मिनिटांचं काम. रस्त्याने मात्र दीड तास तरी धरावा लागतो.

चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. गोव्यातल्या मोपावरून प्रवासी विमानं ५ जानेवारी २०२३ पासून उडू लागली. दोन्ही सड्यावर, दोन्ही शहरापासून लांब. तरी मोपाला वर्दळ आणि चिपीला मोजकीच विमानं, असं का?

हिशोब करून बघूया. चिपी ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर. ७० आसनांच्या एटीआर विमानाला सव्वा तासाच्या आसपास लागतो. रेल्वेने हाच प्रवास आठ-दहा तासांचा. पण तिकिटावरचा सव्वा तास म्हणजे पूर्ण प्रवास नव्हे. कुडाळच्या माणसाला चिपी गाठायला पाऊण तास, विमानतळावर तासभर आधी हजेरी, मुंबईत उतरून परळला किंवा ठाण्याला पोचेपर्यंत आणखी दीड-दोन तास. एकूण पाच तास झाले. हाच माणूस हायवेने मोपाला गेला तर वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातात, पण तिथे दिवसभरात विमानं अनेक. एक चुकलं तर दुसरं मिळतं.

चिपीचं दुखणं इथेच आहे. विमान एकच, आणि तेही ऐनवेळी रद्द झालं तर हॉस्पिटलची तारीख चुकते, नोकरीची मुलाखत हुकते. एकदा असा फटका बसला की माणूस पुढच्या वेळी मोपाचंच तिकीट काढतो. मग चिपीच्या विमानात सीटा रिकाम्या, आणि सीटा रिकाम्या म्हणून विमान बंद.

उडान योजनेत कंपनीला तूट भरून मिळते ती तीन वर्षं. मुंबई-चिपी सेवेची ती मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली आणि विमानही थांबलं. तीन वर्षांत भरवसा बसला असता तर प्रवाशांच्या जोरावर ते टिकलं असतं.

सावंतवाडी, दोडामार्गच्या लोकांना मोपाच जवळ. ते चिपीकडे वळणार नाहीत. पण मालवण, देवगड, कणकवलीच्या माणसाला मोपा म्हणजे अर्धा दिवस प्रवासातच गेला. चिपी खरा त्यांचा आहे.

म्हणून नवीन मार्गाची घोषणा झाली की नुसत्या टाळ्या वाजवून भागणार नाही. विमान आठवड्यातून किती दिवस, वेळ ठरलेली आहे का, रद्द झालं तर आदल्या दिवशी कळणार का, आणि मालवण-कणकवलीहून त्या वेळेला एसटी आहे का, हे चार प्रश्न पुढाऱ्यांना विचारायला हवेत. गणपतीला चाकरमानी आले की विमानं भरतातच. विमानतळ टिकतो तो उरलेल्या अकरा महिन्यांवर.