उघडा सातबारा, बंद दप्तर

खासगीपणाचा विषय निघाला की सुशिक्षितांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : खेड्यात कसली आली आहे प्रायव्हसी? तिथे सगळ्यांना सगळ्यांचे सगळे ठाऊक असते. हे वाक्य उच्चारणाऱ्या गृहस्थांचे पानशेतच्या पाण्याकाठी बहुधा एखादे फार्महाउस असते, आणि त्याची कुंपणभिंत पुरुषभर उंच असते. भिंतीआड काय आहे हे गावाला ठाऊक असावे असे त्यांना वाटत नाही. खासगीपणाची गरज त्यांनाही कळते. ती आपल्यासारख्यांनाच असते अशी मात्र त्यांची समजूत आहे.

केंद्र सरकारची समजूतही फारशी वेगळी नव्हती. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असे सरकारने २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने ते म्हणणे फेटाळले. गरिबाला भाकरी हवी, हक्क नकोत, हा युक्तिवादही न्यायालयाने मानला नाही. निकाल लागला, अग्रलेख झाले. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत त्याचे काय झाले, हा आमचा प्रश्न आहे. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, आम्ही सवयीने वेल्हेच म्हणतो.)

गावात सगळ्यांना सगळे ठाऊक असते, हे आम्ही नाकारत नाही. पण ते जाणणे दुतर्फा असते. माझे कर्ज ज्याला ठाऊक, त्याचे भांडण मला ठाऊक. त्याने तोंड उघडले तर मलाही उघडता येते. या जरबेवरच गावाची अर्धी मुरवत उभी असते. शिवाय गाव विसरते. यंत्र विसरत नाही, आणि यंत्रापलीकडे बसलेला माणूस आपल्याला कधी दिसत नाही.

गावाचे गोडवे गाण्याचाही आमचा इरादा नाही. पाळत म्हणजे काय, हे या मुलखाला संगणक येण्याआधीपासून कळते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसे गुन्हेगार ठरवली आणि त्यांच्या मागे हजेरी लावली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. ज्यांच्या पूर्वजांनी गड राखले ते रामोशी आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत. कुलकर्ण्याच्या दप्तरात काय लिहिले आहे हे न कळल्यामुळे शेतकरी कसा नागवला जातो, हे जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ सालीच सांगून ठेवले. आणि भोर तर साक्षात पंतसचिवांची राजधानी. राज्याच्या दप्तराची जबाबदारी ज्या पदाकडे होती, त्या पदावरून संस्थान उभे राहिले आणि १९४८ पर्यंत टिकले. दप्तर ज्याच्या हाती त्याची सत्ता, हे भोरकरांना कोणी शिकवायला नको.

आज ते दप्तर उघडले आहे असे म्हणतात. सातबारा आता कोणालाही, कुठूनही, फुकट पाहता येतो. जिल्हा, तालुका, गाव निवडा, गट क्रमांक किंवा नाव टाका, उतारा समोर. तलाठ्याच्या मनधरण्या वाचल्या, पायपीट वाचली; हा लाभ खरा आहे आणि तो आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण उताऱ्यावर काय असते? सामायिक खातेदारांची नावे असतात. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, बँकेचा बोजा असतो, कुळाची नोंद असते, धरणाच्या मुलखात ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा असतो. फेरफार पाहिला की कोण कधी वारले आणि कोणाचे नाव मागाहून लागले, तेही कळते. म्हणजे कोणते घर अडचणीत आहे, कोणते भाऊ फुटण्याच्या बेतात आहेत आणि कोणती बहीण हक्कसोडीला राजी होईल, याचा अंदाज पुण्यातल्या एखाद्या एजंटाला खुर्चीवरून न उठता बांधता येतो. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव या धरणांनी ज्यांची खाचरे आधीच घेतली, त्यांच्या उरलेल्या जमिनीवर हा असा अभ्यास चालतो. एजंट दारात येतो तेव्हा त्याला घरातले सर्व ठाऊक असते. घराला एजंटाचे नावही खरे ठाऊक नसते. याला पारदर्शकता म्हणावे काय? आमच्या मते ही एकाच बाजूने पाहता येणारी काच आहे.

जमिनीचे दप्तर पुन्हा तलाठ्याच्या कपाटात कोंडा, असे आम्ही म्हणत नाही. जमिनीची मालकी ही सार्वजनिक बाब आहे. पण मालकी सार्वजनिक असणे वेगळे आणि मालकाची अगतिकता सार्वजनिक असणे वेगळे. हा फरक ज्यांनी करायला हवा होता त्यांनी केला नाही.

आता लाडक्या बहिणीकडे वळू. २०२४ च्या जुलैपासून दरमहा १५०० रुपये देणाऱ्या या योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. अपात्रांनी, इतकेच काय पुरुषांनीही, पैसे घेतल्याचे उघड झाले होते. तेव्हा पडताळणी करू नये असे कोणी म्हणणार नाही. पण पद्धत पाहा. बाईने आपला आधार क्रमांक द्यावा, आपल्या मोबाईलवर आलेला ओटीपी द्यावा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्याही मोबाईलवरचा ओटीपी. घरात पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने पैसा येऊ लागलेल्या बाईला राज्याने सांगितले, आधी नवऱ्याचा अंक घेऊन ये. सोडून गेलेल्या नवऱ्याला कुठे गाठायचे? मारणाऱ्याकडे कोणत्या तोंडाने मागायचे? ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, आणि विधवा व घटस्फोटितांनी कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत असे ठरले. म्हणजे मृत्यूचा दाखला आणि काडीमोडाचा हुकूम गावातल्याच एका बाईच्या हाती. त्या सेविकेचा यात काडीचा दोष नाही. तिच्यावरच आधी किती कामे लादली आहेत!

आणि हे होते कुठे? डोंगरवस्तीवर रेंज नाही म्हणून तालुक्याच्या गावी, कुणाच्या तरी दुकानात. अशाच एका दुकानात आम्ही तासभर बसलो होतो. चालकाजवळ शंभर पानी वही होती. तीत नाव, आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक, बँकेचे खाते, सगळे निळ्या शाईत ओळीने मांडलेले. पुन्हा यावे लागले तर सोय, असे तो म्हणाला, आणि ते खरेही होते. भातलावणीने बोटांच्या रेषा पुसट झालेली एक म्हातारी अंगठा चार वेळा टेकवून ओशाळली, जणू चूक तिच्या बोटाची होती. खासगीपणाचा हक्क नऊ न्यायाधीशांनी दिला, त्याचा शेवटचा राखणदार ही वही.

गरिबाचे असे सारे उघडे होत असताना सरकारचे काय उघडे झाले? महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ साली केला, देशाने २००५ साली. व्यक्तिगत माहितीसुद्धा, व्यापक जनहित असेल तर, देता येईल अशी सोय केंद्रीय कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये होती. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने त्या कलमातली ही अट काढून टाकली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमांबरोबर ही दुरुस्ती लागूही झाली. कलम ८(२) मधले जनहित शिल्लक आहे, असे सरकारपक्ष सांगतो. ते आहे, पण कार्यालयातला माहिती अधिकारी नकार लिहिताना कोणत्या कलमाचा आसरा घेईल, हे सांगायला ज्योतिषी नको. खासगीपणाच्या नावाने पहिला आडोसा कोणाला मिळाला, ते वाचकांनी पाहावे. त्या म्हातारीला नव्हे, एवढे नक्की.

आमची मागणी फार मोठी नाही. आधारधारकाला आपली ओळख कधी कधी तपासली गेली याचा गेल्या सहा महिन्यांचा इतिहास पाहता येतो. म्हणजे अशी नोंद ठेवणे आणि ती दाखवणे यंत्राला जमते. मग सातबाऱ्याच्या मालकालाही त्याचा उतारा कोणी, किती वेळा पाहिला हे कळू द्या. बोजाचा रकाना बँकेला, खातेदाराला आणि ज्याला तो परवानगी देईल त्यालाच दिसू द्या. नवऱ्याच्या ओटीपीवाचून बाईची पडताळणी करा. आणि त्या शंभर पानी वहीचे भरल्यावर काय होते, हे एकदा तहसील कचेरीतल्या कोणीतरी दुकानात जाऊन विचारा. आम्ही विचारले होते. रद्दीत जाते, असे उत्तर मिळाले.