गादीखालचा हिशोब

समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर जून २०२५मध्ये पूर्ण खुले झाले. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या तिकडे वळल्या. मेहकर–सिंदखेड राजा रस्त्यावरच्या दुसरबीडसारख्या गावात लॉज चालवायचा, तर आता भिस्त लोणारच्या पर्यटकांवर, लग्नाच्या वऱ्हाडावर आणि १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी येणाऱ्या गर्दीवर. हा पाहुणा कुटुंबासह येतो. दोघांच्या पलंगावर पाच जण बसतात आणि तेही एकाच कडेला.

तरीही नव्या खोल्यांसाठी मागवला जातो तो घरातला पेटीचा पलंग. लॉजच्या पाहुण्याला रजया ठेवायला पेटी लागत नाही. ती भरते धुळीने आणि ढेकणांनी. स्वस्त पलंग पार्टिकल बोर्डाचा असतो. रोज फिनाइलच्या पाण्याने फरशी पुसली की त्याची खालची कड फुगते, सनमायका सुटतो आणि स्क्रू धरेनासे होतात. स्क्रूच्या त्याच सैल भोकांत ढेकूण अंडी घालतो. रक्त न मिळताही तो महिनोन्महिने तग धरतो. त्यामुळे खोली बंद ठेवून तो जात नाही.

आमचा कौल चौकोनी लोखंडी पाइपच्या, नट-बोल्टने जोडलेल्या सांगाड्याला आहे. सांधे खोलता आले, तर आत गरम वाफ देता येते, आणि सुटलेले वेल्डिंग गावातला फॅब्रिकेटर तासाभरात करून देतो. मधोमध आडवा आधार आणि त्याला स्वतंत्र पाय हवाच. नाहीतर दुहेरी पलंग पहिल्यांदा मधेच वाकतो. फोमच्या गादीखाली पट्ट्यांमधले अंतर तीन इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर गादी फटीत बसते. पायांना रबरी बूच लावा आणि खालून झाडू मोकळा फिरेल एवढी उंची ठेवा. लाकूडच हवे असेल तर जुने, वाळलेले सागवान घ्या. प्लायवूड वापरायचेच असेल तर पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचे घ्या आणि त्याच्या कडा नीट बंद करून घ्या.

लोखंडी पलंग दिसायला साधा, ही तक्रार खरी आहे. पण देखणेपणा उशाकडच्या फळीत आणता येतो. ती भिंतीला ठोका, पलंगाला नको.

वीस पलंगांची ऑर्डर एकदम देऊ नका. एक बनवून घ्या, चौघांना एकाच कडेला बसवा, करकरला तर परत पाठवा. टिकला तर सर्वांत जास्त लागणाऱ्या खोलीत टाका आणि जानेवारीची गर्दी ओसरल्यावर बोल्ट तपासून मगच बाकीचे सांगा.