विश्लेषण : धोनी बाद झाल्यावर सर्व्हरची धावपळ का उडाली? सामना ‘लाइव्ह’ दाखवण्याचा खर्च कसा आटोक्यात ठेवतात?

आयपीएलचा सामना संध्याकाळी साडेसातला सुरू होतो, तेव्हा बोरिवली लोकलमध्ये अनेकांच्या मोबाइलवर तो लागलेला असतो. कांदिवलीला उतरेपर्यंत पॉवरप्ले संपतो. एकाच वेळी कोट्यवधी लोक असा सामना पाहतात, तेव्हा पडद्यामागे हजारो सर्व्हर राबत असतात. ते किती घ्यायचे, कधी घ्यायचे आणि कधी सोडायचे, या हिशेबावर कंपनीचे बिल ठरते. शेवटच्या षटकात स्क्रीनवर गोल फिरत राहणार की नाही, हेही बरेचसे त्यावरच अवलंबून असते.

क्लाऊड म्हणजे नेमके काय?

क्लाऊड म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधले संगणक भाड्याने वापरणे. अॅमेझॉनच्या क्लाऊडचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. स्ट्रीमिंग कंपनीला भाडे भरावे लागते ते मुख्यतः तीन गोष्टींचे : संगणकाची ताकद, साठवणुकीची जागा आणि बाहेर जाणारा डेटा.

हे समजायला कांदिवलीचे कारशेड उपयोगी पडते. रेल्वेला गाड्या ठेवाव्या लागतात त्या सकाळी नऊच्या गर्दीच्या हिशेबाने. दुपारी त्यातल्या काही कारशेडमध्ये किंवा यार्डात उभ्या राहतात, पण त्यांचा खर्च थांबत नाही. क्लाऊडमध्ये मात्र गर्दीपुरती गाडी भाड्याने घेऊन नंतर परत करता येते. अडचण एकच : गर्दी फलाटावर आल्यावर गाडी मागवली, तर ती पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

१० जुलै २०१९ रोजी काय घडले?

विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना पावसामुळे दुसऱ्या दिवसावर गेला होता. २४० धावांचा पाठलाग करताना महेंद्रसिंह धोनी खेळपट्टीवर होता आणि हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक होते. तो तेव्हाचा विक्रम होता. धोनी धावबाद झाला, भारत १८ धावांनी हरला आणि प्रेक्षकसंख्या झपाट्याने कोसळली.

प्रेक्षक गेले म्हणजे ताण कमी झाला, असे वाटेल. इथे उलट घडते. सामन्याचे चित्रण काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेले असते. ते तुकडे प्रेक्षकाच्या जवळच्या साठवण-सर्व्हरवरून, म्हणजे सीडीएनवरून येतात. त्यामुळे सामना सुरू असताना मुख्य सर्व्हरला तुलनेने कमी काम असते. पण निराश प्रेक्षक ‘बॅक’चे बटण दाबतो तेव्हा अॅपचे पहिले पान उघडते. तुम्ही कोण, अर्धवट काय पाहिले होते, पुढे काय सुचवायचे, हे सगळे मुख्य सर्व्हरला विचारले जाते. लाखो लोकांनी एकाच मिनिटात ‘बॅक’ दाबले तर सर्व्हर बसू शकतात. म्हणून प्रेक्षक घटू लागले म्हणजे सर्व्हर लगेच सोडून देता येत नाहीत.

सर्व्हर आपोआप वाढत नाहीत का?

वाढतात. क्लाऊडमध्ये ‘ऑटो-स्केलिंग’ची सोय असते : संगणकावरचा भार ठरावीक पातळीच्या वर गेला की नवे संगणक जोडले जातात. पण नवा संगणक सुरू होऊन कामाला लागायला वेळ लागतो, आणि रंगलेल्या सामन्यात एका मिनिटात दहा लाख प्रेक्षक वाढू शकतात. म्हणून हॉटस्टारच्या अभियंत्यांनी स्वतःची पद्धत बसवली. भार वाढण्याची वाट न पाहता, प्रेक्षकसंख्येच्या टप्प्यांनुसार आधीच सर्व्हर वाढवायचे आणि वर थोडे राखीव ठेवायचे. ही राखीव फळी बहुतेक वेळ रिकामी बसते, पण तिचे भाडे चुकत नाही. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला होता.

अंदाज चुकला तर मोठ्या कंपन्यांचीही फजिती होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने माइक टायसन आणि जेक पॉल यांची लढत थेट दाखवली, तेव्हा असंख्य प्रेक्षकांना चित्र अडखळत दिसले.

मग पैसे वाचवायचे कुठे?

पहिला मार्ग करारांचा. वर्षभर लागणारच आहेत ते संगणक एक किंवा तीन वर्षांच्या करारावर घेतले तर स्वस्त पडतात. क्लाऊड कंपनीकडे पडून असलेले ‘स्पॉट’ संगणक तर ९० टक्क्यांपर्यंत सवलतीत मिळतात. मात्र अॅमेझॉन असा संगणक दोन मिनिटांची सूचना देऊन परत घेऊ शकते. थांबले तरी चालेल अशी कामे त्यावर सोपवली जातात.

दुसरा मार्ग काटछाटीचा. ताण वाढला की शिफारशींसारख्या सोयी तात्पुरत्या बंद करायच्या, पण सामना चालू ठेवायचा.

तिसरा मार्ग रचना सुधारण्याचा. २०२३ मध्ये प्राइम व्हिडिओच्या अभियंत्यांनी चित्राचा दर्जा तपासणाऱ्या यंत्रणेचे विखुरलेले भाग एकत्र आणले आणि तिचा खर्च ९० टक्क्यांनी घटला.

चित्रपट आणि मालिकांचे गणित मात्र सोपे असते. त्या आधीच तयार असल्याने नेटफ्लिक्स त्यांच्या प्रती कमी वर्दळीच्या वेळी इंटरनेट कंपन्यांकडे ठेवलेल्या आपल्या पेट्यांमध्ये भरून ठेवते. पुढच्या चेंडूला काय होणार, हे मात्र आधी साठवता येत नाही.

प्रेक्षकाच्या खिशाशी याचा काय संबंध?

२०२३ आणि २०२४ मध्ये आयपीएल जिओसिनेमावर मोफत दिसली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आले आणि ठरावीक वेळ फुकट पाहिल्यानंतर वर्गणी मागितली जाऊ लागली. तीन महिन्यांची वर्गणी १४९ रुपयांपासून सुरू झाली. यामागे सर्व्हरचे भाडे हे एकमेव कारण नाही. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या डिजिटल हक्कांसाठीच २३,७५८ कोटी रुपयांची बोली लागली होती.

पण हक्कांची रक्कम एकदा ठरली की बदलत नाही. सर्व्हर आणि डेटाचा खर्च मात्र प्रेक्षकांबरोबर वाढतो. फुकट पाहणारा प्रत्येक नवा प्रेक्षक जाहिरातीतून काही मिळवून देतो आणि त्याच वेळी बिलातही भर घालतो. हा मेळ बसला नाही, तर कंपनीपुढे मोजकेच पर्याय उरतात : जाहिराती वाढवणे, चित्राचा दर्जा उतरवणे किंवा वर्गणी मागणे. या तिन्हींची किंमत शेवटी लोकलमध्ये मोबाइल धरून बसलेला प्रेक्षकच मोजतो.